निबंध तपासणीसाठी मूडल: रुब्रिकचा हिशेब, वर्कशॉपची मेख आणि सड्यावरचा फलक

पहिल्या सत्राचा अंतर्गत निबंध आला की कोकणातल्या बहुतेक पदवी महाविद्यालयांच्या इंग्रजी विभागात एकच चित्र दिसतं. प्रथम वर्षाची शंभर-सव्वाशे मुलं, तपासायला दोघं-तिघं, आणि त्याच तोडीच्या निबंधाला एका सरांकडे २० पैकी १४ तर दुसऱ्या मॅडमकडे ९. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘पेपर कुणाकडे गेलाय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. मूडल, म्हणजे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, अनेक ठिकाणी बसवलेलं असतं, पण त्याचा उपयोग नोट्स टाकायला आणि पीडीएफ गोळा करायलाच होतो. लेखन तपासण्यासाठी त्यात तीन अवजारं आहेत: असाइनमेंटमधलं (मुलांचं काम जमा करून घ्यायच्या सोयीतलं) रुब्रिक, म्हणजे निकष आणि पातळ्यांचं गुणकोष्टक, त्याचंच भावंड असलेली मार्किंग गाइड, आणि मुलांनी एकमेकांचं लेखन तपासायचं वर्कशॉप. हे परीक्षण या तिघांचं आहे, तेही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विभागाच्या गरजेपुरतं. सर्व्हर कसा बसवावा, पाठबळ कुणाकडून घ्यावं, यात इथे शिरत नाही. सॉफ्टवेअर २००२ पासून आहे, खुलं आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत, एवढं पुरे.

अवजाराची पारख करायची तर आधी दुखणं कुठे आहे ते नीट पाहायला हवं. ते आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका बऱ्याच शाळांतल्या शिक्षकांकडे पाठवली. १४२ जणांचे गुण आले, ते १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत पसरलेले होते. १९६१ मध्ये डीडरिक, फ्रेंच आणि कार्लटन यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना दिले आणि नऊ गटांत लावायला सांगितले. त्यातल्या ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचापेक्षा कमी श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. या अभ्यासातली खरी मोलाची गोष्ट पुढे आहे. गुण असे का विखुरले हे शोधताना वाचकांचे पाच कल सापडले: कुणी विचार पाहत होतं, कुणी रचना, कुणी भाषेच्या चुका, कुणी शब्दयोजना, तर कुणी लिहिणाऱ्याची स्वतःची ढब. म्हणजे १४ देणारे सर आणि ९ देणाऱ्या मॅडम दोघंही प्रामाणिकच असतात, फक्त एकाच कागदावर ते वेगवेगळी गोष्ट वाचत असतात. रुब्रिक जन्माला आलं ते या पाच तऱ्हेच्या वाचकांना एका टेबलाशी बसवायला. मूडलचं रुब्रिक ते काम करतं का, हे पाहायचं आहे.

निम्मं करतं. असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये गुणांकनाची पद्धत ‘रुब्रिक’ निवडली की कोष्टक उघडतं. आडव्या ओळीत निकष, त्याच्या पुढे पातळ्या, प्रत्येक पातळीला गुण. तपासताना योग्य चौकोनावर टिचकी मारायची, शेजारी शेरा लिहायचा, बेरीज आपोआप होते. मुलाला नंतर तेच कोष्टक दिसतं, आपण कोणत्या चौकोनात बसलो ते रंगवलेलं. हे दिसणं फार महत्त्वाचं आहे. लाल शाईतल्या ‘११/२०’ पेक्षा ‘मुद्दा आहे, पण त्याला उदाहरण नाही’ हे वाक्य मुलाला पुढच्या निबंधाकडे नेतं. कोष्टक आधीच दाखवायची सोय आहे, ती चालूच ठेवावी. निकष लपवून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही.

आता हिशेब. इथे बहुतेक विभाग फसतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात. समजा चार निकष आहेत आणि प्रत्येकाच्या पातळ्या १, २, ३, ४ अशा ठेवल्या. जास्तीत जास्त १६, कमीत कमी ४. एका मुलाला चारही निकषांत २ मिळाले, म्हणजे ८. आपल्या डोक्यात हे १६ पैकी ८, निम्मे, २० पैकी १०. पण रुब्रिकच्या तळाशी एक चौकट असते: किमान गुण शून्य धरून हिशेब करायचा की नाही. ती चौकट रिकामी असेल तर मूडल किमान बेरजेला, म्हणजे ४ ला, शून्य मानतं. मग गणित होतं ८ वजा ४ भागिले १६ वजा ४, म्हणजे एक तृतीयांश, आणि २० पैकी ६.६७. चारही निकषांत १ मिळवणाऱ्याला ५ ऐवजी थेट शून्य. तपासणाऱ्याने एकही चौकोन चुकीचा दाबलेला नसतो, तरी अर्धा वर्ग नापास होतो. उपाय दोन आहेत. एक, चौकटीत खूण आहे याची खात्री करा. दुसरा, आणि आमच्या मते बरा, पातळ्या ०, १, २, ३ अशाच ठेवा. मग चौकट कशीही असो, हिशेब तोच येतो.

निकषांना कमीजास्त वजन द्यायला वेगळं खोकं नाही. वजन गुणांतूनच द्यावं लागतं. आशय आणि पुराव्याला ०, ३, ६, ९ आणि शुद्धलेखनाला ०, १, २, ३ ठेवले की पहिल्याचं वजन तिप्पट झालं. हे ठरवताना विभागात वाद होतो, तो होऊ द्यावा. त्या वादातच डीडरिकचे पाच वाचक पहिल्यांदा समोरासमोर येतात. ‘भाषाशैली’ असा गोळाबेरीज निकष मात्र ठेवू नका. त्यात एक जण शब्दयोजना पाहतो, दुसरा ऱ्हस्वदीर्घ, आणि आकडा तोच राहून अर्थ बदलतो. पातळ्यांची वर्णनं ‘उत्तम, चांगलं, साधारण, कमी’ अशी असतील तरी रुब्रिक वाया गेलं. कागदावर बोट ठेवून दाखवता येईल असं लिहा: ‘प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा आणि त्याचं किमान एक ठोस उदाहरण’, ‘मुद्दे आहेत, उदाहरणं दोनपेक्षा कमी’, ‘मुद्दा विधानापुरताच’. चार निकष, चार पातळ्या, यापुढे जाऊ नये. सहा निकषांचं कोष्टक फोनवर उघडलं की आडवं सरकवत बसावं लागतं, आणि विसाव्या निबंधानंतर तपासणारा वर्णनं वाचणं सोडून सवयीने चौकोन दाबू लागतो.

रुब्रिक मसुदा म्हणून जपता येतं आणि ‘वापरास तयार’ असंही करता येतं. तपासणी सुरू झाल्यावर त्यात बदल केला तर मूडल विचारतं: आधी तपासलेले पुन्हा तपासायचे का? शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली असेल तर ‘नाही’ म्हणा. पातळीचा अर्थ बदलला असेल तर ‘हो’ म्हणून खरोखर पुन्हा तपासा. आणखी एक: यादीतच भराभर गुण भरायची जी झटपट सोय असते ती रुब्रिकबरोबर चालत नाही. प्रत्येक निबंध उघडावाच लागतो. हे आम्ही गुणच मानतो.

मार्किंग गाइड ही जरा सैल जात. निकष तेच, पण पातळ्यांचे चौकोन नाहीत. प्रत्येक निकषाला कमाल गुण आणि दोन वर्णनं, एक मुलांना दिसणारं, एक तपासणाऱ्यांसाठी. तपासणारा आकडा स्वतः लिहितो. जुन्या-जाणत्या शिक्षकांना हे मानवतं, कारण ६ आणि ९ च्या मधले ७ देता येतात. पण गुणांचा पसारा पुन्हा वाढतो. तिची खरी कमाई वेगळी आहे: नेहमीचे शेरे साठवून ठेवायचे आणि एका टिचकीत घालायचे. मोठ्या वर्गाच्या पहिल्या निबंधाला रुब्रिक, शेवटच्या वर्षाच्या लहान गटाच्या प्रकल्पलेखनाला मार्किंग गाइड, अशी वाटणी आम्ही सुचवू.

नाव झाकून तपासणी करायची सोय असाइनमेंटमध्ये आहे. तपासणाऱ्याला फक्त क्रमांक दिसतो. कोकणात ही सोय जास्तच हवी, कारण तालुक्याच्या गावी आडनावावरून वाडी कळते आणि वाडीवरून घर. तीन गोष्टी मात्र सांभाळा. मुलं फाइलच्या नावात स्वतःचं नाव लिहितात, निबंधाच्या डोक्यावरही लिहितात. तसं न करण्याची सूचना कामाच्या वर्णनात पहिल्या ओळीत घाला. नावं उघड केल्याशिवाय गुण गुणपुस्तकात जात नाहीत. आणि नावं एकदा उघड केली की पुन्हा झाकता येत नाहीत, म्हणून सगळे निबंध तपासून होईपर्यंत त्या बटणाला हात लावू नका. जोडीला मार्किंग वर्कफ्लो चालू केला तर गुण ‘तपासणी चालू’, ‘तपासणी पूर्ण’, ‘पुनरावलोकनात’ अशा टप्प्यांत राहतात आणि ‘जाहीर’ केल्यावरच मुलांना दिसतात. दोन तपासणारे असतील तर हा टप्पा नसणं धोक्याचं आहे. एकाचे गुण सोमवारी दिसतात, दुसऱ्याचे शुक्रवारी, आणि मधले चार दिवस स्टाफरूमबाहेर रांग लागते.

देवनागरीचं सांगायला हवं. पडद्यावर पीडीएफ उघडून त्यावर खुणा करायची सोय सर्व्हरवरच्या घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमवर चालते, आणि वर्डची फाइल पीडीएफ करायला वेगळा परिवर्तक बसवावा लागतो. सर्व्हरवर देवनागरी टंक (फॉन्ट) नसेल तर मराठी निबंधाच्या जागी चौकोनांची रांग उमटते. मुलाची फाइल बरोबर असते, सर्व्हर अर्धवट असतो. दुसरा घोटाळा जुन्या टंकांचा. सायबर कॅफेत श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड नसतो, तो दुसरीकडे अगम्य अक्षरं होऊन येतो. दोन्हींवर साधा तोडगा म्हणजे फाइल न मागता ‘ऑनलाइन मजकूर’ मागा. मुलं फोनवरच मराठी लिहितात किंवा बोलून टंकतात, ते तसंच चिकटवता येतं, शब्दमर्यादा लावता येते, आणि ‘मजकुरातच शेरा’ ही सोय चालू केली तर निबंधाची प्रत शेऱ्याच्या खोक्यात येते आणि ओळीओळीला टिपण करता येतं. मूडलचा मराठी भाषासंच आहे, पण अपुरा. अर्धी बटणं मराठी, अर्धी इंग्रजी दिसतात. सूचना स्वतःच्या शब्दांत लिहून द्याव्याच लागतात.

हे सगळं नीट बसवलं तरी सर १४ आणि मॅडम ९ देऊ शकतात. कोष्टक एकच असतं, ते वाचणारे डोळे दोन असतात. इथे सॉफ्टवेअरचं काम संपतं आणि विभागाचं सुरू होतं. रीत जुनी आणि स्वस्त आहे. पहिल्या वीस-तीस निबंधांतून सहा निबंध निवडा: दोन भक्कम, दोन मधले, एक कच्चा, आणि एक पेच पाडणारा, म्हणजे विचार उत्तम पण भाषा मोडकी असा. नावं झाकून झेरॉक्स काढा. सगळ्यांनी न बोलता तपासायचं, चौकोन कागदावर लिहायचे, मग फळ्यावर मांडायचे. जिथे दोन पातळ्यांचा फरक आहे तिथेच थांबायचं आणि ज्याने जो चौकोन दिला त्याने निबंधातल्या ओळीवर बोट ठेवून कारण सांगायचं. बहुधा कळतं की वर्णनच दुहेरी अर्थाचं आहे. ते तिथल्या तिथे बदला आणि मगच मूडलमध्ये ‘तयार’ करा. दीड तासाचं काम आहे. हे सहा निबंध पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा, विभागाची ती खरी दौलत.

एकमत किती झालं ते मोजायचं तर टक्केवारी फसवते. समजा दोघांनी ४० निबंध स्वतंत्रपणे तपासले आणि २६ वर एकच पातळी दिली. ६५ टक्के ऐकायला बरं वाटतं. पण दोघंही बहुतेकांना मधलीच पातळी देत असतील तर केवळ योगायोगानेही १२ जुळले असते. कोहेनचा कप्पा हा योगायोग वगळून एकमत मोजणारा आकडा. त्याचा हिशेब असा: जुळलेले २६ वजा योगायोगाचे १२, भागिले ४० वजा १२. चौदा भागिले अठ्ठावीस, म्हणजे ०.५. मूडल हा आकडा देत नाही. असाइनमेंटमध्ये एका निबंधाला एक तपासणारा नेमता येतो, म्हणून दुहेरी तपासणीचे गुण स्प्रेडशीटमध्ये वेगळे ठेवावे लागतात. उणीव मोठी आहे. सगळे निबंध दोनदा तपासायची गरज मात्र नाही. दर पाचवा निबंध दुसऱ्याने पाहिला तरी गाडी कुठे घसरते ते कळतं.

वर्कशॉप हे तिघांतलं सगळ्यात हुशार आणि सगळ्यात चकवणारं अवजार. त्याचे पाच टप्पे असतात: मांडणी, लेखन देणं, तपासणं, तपासणीलाच गुण देणं, आणि समाप्ती. प्रत्येक मुलाला दोन आकडे मिळतात, लेखनाचा आणि तपासणीचा. सुरुवातीला ते ८० आणि २० असे असतात. मुलाने दुसऱ्याचं लेखन किती जाणतेपणाने वाचलं यालाही गुण आहेत, ही कल्पनाच आम्हाला फार आवडते. वाचक घडवायचा तर याहून बरी रीत वर्गात सापडणं कठीण.

मेख तपासणीच्या गुणांत आहे. मूडल एका निबंधाच्या सगळ्या तपासण्यांची सरासरी काढतं, सरासरीच्या सगळ्यात जवळची तपासणी ‘उत्तम’ ठरवतं, आणि बाकीच्यांना तिच्यापासूनच्या अंतराप्रमाणे कमी गुण देतं. आता तीन मुलं घ्या. दोघांनी मित्र म्हणून २० पैकी १८ दिले, तिसरीने नीट वाचून १० दिले. सरासरी १५.३३. मित्रांचं अंतर २.६७, तिचं ५.३३. मित्रांना पूर्ण गुण, तिचे कापले. प्रामाणिक वाचकाला इथे शिक्षा होते, आणि दुसऱ्या निबंधापर्यंत सगळा वर्ग १८ देऊ लागतो. दोनच तपासणारे ठेवले तर आणखी वाईट. सरासरीपासून दोघंही सारख्याच अंतरावर असतात, म्हणून एकाने २० आणि दुसऱ्याने ५ दिले तरी दोघांना पूर्ण गुण.

यावर उपाय मूडलमध्येच आहे, पण कोपऱ्यात. शिक्षकालाही तपासणी करता येते आणि तिचं वजन १६ पर्यंत वाढवता येतं. वरच्याच निबंधाला शिक्षकाने १० दिले आणि वजन ४ ठेवलं तर सरासरी १२.२९ होते. प्रामाणिक मुलीचं अंतर आता २.२९, मित्रांचं ५.७१. न्याय झाला. शंभर निबंधांना हे करणं शक्य नाही, म्हणून जिथे तपासण्या फार जवळजवळ आणि फार उदार दिसतात ते पंधरा-वीस निवडून तिथे वजन टाका. तपासणारे कमीत कमी तीन, जमल्यास चार ठेवा. आणि ‘नमुना लेखन’ ही सोय चुकूनही सोडू नका. त्यात शिक्षकाने आधी तपासून ठेवलेले निबंध मुलांना तपासायला मिळतात आणि मग स्वतःचे गुण शिक्षकाच्या गुणांशेजारी ठेवून पाहता येतात. दीड तासाच्या बैठकीत जपलेले ते सहा निबंध इथेच घालायचे. याचे गुण हिशेबात धरले जात नाहीत, म्हणून मुलं न बिचकता चुकतात, जे शिकायला हवंच असतं. आणखी एक खबरदारी: वर्कशॉपमध्ये नावं आपोआप झाकली जात नाहीत. लेखकाचं आणि तपासणाऱ्याचं नाव पाहण्याच्या परवानग्या विद्यार्थ्यांच्या भूमिकेतून वेगळ्या काढाव्या लागतात. हे विसरलं तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भांडण ठरलेलं.

वर्कशॉपचं सोनं होतं ते वर्गाबाहेरच्या लेखनात. इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा केवढा भाग कुणी न वाचणाऱ्या निबंधांवर जातो! नेट-सेट होऊन आलेल्याला तपासणी कशी करावी हे कुणी शिकवतही नाही. दुसरीकडे आपल्या जिल्ह्यांत लोकांसाठी लिहायचं केवढं काम पडून आहे. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरची कातळशिल्पं, थिबा राजवाडा, मालगुंडचं केशवसुत स्मारक, १८२८ मध्ये स्थापन झालेलं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय. यांच्याविषयी दीडशे शब्दांचा मराठी आणि दीडशे शब्दांचा इंग्रजी फलक लिहिणं ही विद्यार्थ्याची पूर्ण परीक्षा आहे. भाषा, पुरावा, वाचकाचं भान, सगळं त्यात येतं. आणि वाचणारा खरा असतो.

यासाठी वर्कशॉपमध्ये ‘चुकांची संख्या’ नावाची पद्धत निवडा. नाव दिशाभूल करणारं आहे. ती चुका मोजत नाही, तपासणाऱ्यासमोर हो-नाहीची विधानं ठेवते, आणि किती विधानं नापास झाली की किती टक्के, याचं कोष्टक आपण भरायचं असतं. फलकासाठी हो-नाहीच बरं. विधानं अशी: मजकूर १५० शब्दांच्या आत आहे. पहिल्या वाक्यात समोर उभ्या माणसाने कुठे पाहायचं ते सांगितलं आहे. प्रत्येक वर्षाला आधार दिला आहे. ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं सांगितलं आहे. गावातलं नाव आणि कथा ‘गावात असं सांगतात’ अशी नोंदवली आहे.

या विधानांवर कुठे घसरतं ते जवळपास ठरलेलं आहे. कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचं गोठणं, जांभरूण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ ही कातळशिल्पांची स्थळं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. मुलं लिहितात, ‘जागतिक वारसा म्हणून घोषित झाली’. तात्पुरती यादी म्हणजे देशाने पुढे प्रस्ताव पाठवण्यासाठी दिलेली नावं, मान्यता नव्हे. दुसरी घसरण वयाची. ‘वीस हजार वर्षांपूर्वीची’ असं ठाम लिहिलं जातं, पण कालनिर्णयावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिसरी थिबाची: ‘राजा थिबाने हा राजवाडा बांधला.’ थिबाला १८८५ मध्ये ब्रह्मदेशातून पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणलं, राजवाडा ब्रिटिश सरकारने त्याच्यासाठी बांधला, तो १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये थिबा वारला. एका क्रियापदाने कैदी यजमान होऊन बसतो. हे मुलांना एकमेकांच्या मजकुरात सापडतं तेव्हा जे समजतं ते शिक्षकाच्या शेऱ्याने समजत नाही.

बोलीचाही प्रश्न इथेच उभा राहतो. मालवणी मुलगा ‘झाडार’ लिहितो, त्याला ‘झाडावर’ असं लाल करून हात झटकता येतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये प्रवेश खुले केले, तेव्हा मीना शॉनेसी यांनी तिथल्या नवख्या मुलांचे हजारो निबंध वाचून दाखवलं की चुकांना नियम असतो, त्या लहरीने होत नाहीत. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकाने लेखन तपासणं हे इंग्रजीच्या प्राध्यापकाचं अभ्यासाचं क्षेत्र ठरायला मोठा हातभार लावला. आपल्याकडे त्याचा सरळ उपयोग आहे. मराठीत उपपद नाही, म्हणून मुलांच्या इंग्रजीतून ‘अ’ आणि ‘द’ गळतात. एका निबंधात ती चूक तीस वेळा झाली तरी ती एकच चूक आहे, रुब्रिकमध्ये ती एकदाच धरायची. ‘झाडार’चंही तेच. प्रमाण मराठीच्या फलकात ते बदलावं, पण गावकऱ्याचं म्हणणं अवतरणात आलं असेल तर त्याला हात लावू नये. ‘बोली तिच्या जागी आहे’ असं वेगळं विधान यादीत घाला, नाहीतर तपासणारी मुलंच ती सगळी खोडून टाकतात.

मसुदा तपासून झाला की फोनवर घेऊन जागेवर जा. विषय न शिकलेल्या दोघांना, शक्यतो एक गावचा आणि एक बाहेरचा, मोठ्याने वाचायला द्या आणि एकच प्रश्न विचारा: आता कुठे पाहाल? बोट चुकीच्या दिशेला गेलं तर पहिलं वाक्य बदला. जिथे वाचणारा अडखळला तिथे खूण करा. असाइनमेंटमध्ये पुन्हा सादर करायची सोय आहे, तिथे दुसरा आणि तिसरा मसुदा घ्या आणि आधीचे प्रयत्न राहू द्या. यंत्राकडून लिहून आणलेला मजकूर ओळखायचा खटाटोप करण्यापेक्षा हे तीन मसुदे आणि जागेवरच्या खुणा जास्त सांगतात. सड्यावर न गेलेल्याचा दुसरा मसुदा पहिल्यासारखाच असतो.

मग घ्यावं का? चाळीसच्या आत मुलं असतील तर छापील रुब्रिक, सहा नमुना निबंध आणि एक स्प्रेडशीट पुरतं. मूडलचा व्याप नको. साठच्या वर गेलात, तपासणारे दोन झाले, की असाइनमेंटचं रुब्रिक आणि नाव झाकणं वेळही वाचवतं आणि तक्रारीला उत्तरही देतं. वर्कशॉप वर्षातून एकदाच, आणि फलकासारख्या कामालाच. पहिल्या वर्षी ते गुणांसाठी वापरू नका.

तारखा लावताना पंचांग उघडा. वर्कशॉपमध्ये कुणाचं लेखन कुणी तपासायचं याचं ठरावीक वेळी आपोआप वाटप होऊन तपासणीचा टप्पा सुरू व्हावा अशी सोय आहे. लेखनाची मुदत गौरी-गणपतीत संपत असेल तर वाड्यावाड्यांतली, नेटवर्क नसलेल्या घरातली निम्मी मुलं मजकूर देऊ शकत नाहीत, आणि वाटप ज्यांनी दिलं त्यांच्यातच होतं. मुदत विसर्जनानंतर आठवड्याने ठेवा, स्वयंचलित बदल बंद ठेवा, आणि सगळे मजकूर आले हे डोळ्यांनी पाहून टप्पा हाताने पुढे ढकला.